घाटरस्त्याच्या कामावरचं गढूळ पाणी: अडवायचं कुठे, मोजायचं कसं

कोकणात रस्ता रुंद करायला डोंगर कापला की जूनमध्ये खालच्या वाडीच्या विहिरींना लाल पाणी येतं, भाताच्या खाचरांत मुरूम येऊन बसतो आणि मोऱ्या तुंबतात. हे टाळता येतं, पण त्याची तयारी पावसाआधी झालेली असली तरच. साइटवर नव्याने रुजू झालेले इंजिनियर, ठेकेदाराकडचे पर्यावरण अधिकारी आणि आपल्या पऱ्ह्यावर (डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावर) लक्ष ठेवू पाहणाऱ्या ग्रामपंचायती यांच्यासाठी हा लेख आहे. राष्ट्रीय महामार्ग 66 वरच्या कशेडी किंवा परशुराम घाटासारखी जागा डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे: उभे उतार, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये.

आधी माती ओळखा

काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कटिंगच्या जागची मूठभर माती एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि बाटली टेबलावर ठेवा. दोन मिनिटांत जे खाली बसलं ती वाळू. तासाभरात बसली ती पोयटा माती. दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखं दिसत असेल, तर तुमच्याकडे चिकणमाती आहे आणि ती कुठल्याही खड्ड्यात आपणहून बसणार नाही.

याचं गणित सोपं आहे. 0.1 मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खोल पाण्यात दोनेक मिनिटांत तळाला जातो. 0.02 मिलिमीटरच्या कणाला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. 0.002 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवस लागतात, तेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. कोकणात जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट, गुलाबी, जांभळट रंगाची मऊ माती लागते. भूशास्त्रात तिला लिथोमार्ज म्हणतात. कोरडी असताना ती उभी राहते, पाणी लागलं की विरघळल्यासारखी वाहते. कटिंगमध्ये हा थर दिसला की तिथल्या कामाचा क्रम बदला: तो उतार सगळ्यांत आधी झाका.

म्हणून या सगळ्या कामाचा भर एकाच गोष्टीवर असायला हवा: माती जागची हलू द्यायची नाही. पाण्यात एकदा मिसळलेली चिकणमाती बाहेर काढणं खर्चिक आहे आणि मुसळधार पावसात जवळजवळ अशक्य आहे.

स्वच्छ पाणी साइटवर येऊच देऊ नका

एप्रिलमध्ये पूर्ण लांबी पायी फिरा, सोबत गावातला एखादा जाणता माणूस घ्या. कुठला पऱ्ह्या पावसात किती फुगतो, कुठे झरा फुटतो, वरच्या शेताचं पाणी कुठून उतरतं, हे नकाशावर नसतं. त्याला विचारून या जागा खुणा करून ठेवा. खालच्या बाजूच्या विहिरी, नळपाणी योजनेच्या जॅकवेल आणि खाचरंही नकाशावर घ्या. तुमचं पाणी शेवटी कोणाच्या दारात जातं, हे प्रत्येक मोरीसाठी लिहिलेलं असलं पाहिजे.

वरच्या डोंगरावरून येणारं पाणी स्वच्छ असतं. ते उघड्या मातीवरून गेलं की गढूळ होतं. म्हणून कटिंगच्या माथ्यापासून तीन ते पाच मीटर मागे कॅच ड्रेन काढा आणि तिला अस्तर करा. अस्तर नसलेली चर जांभ्यात पाणी मुरवते, ते खालच्या मऊ मातीपर्यंत पोचतं आणि अख्खा उतार घसरतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ही चर मध्येच कुठेतरी उतारावर सोडून दिलेली असते. तिचं पाणी पायऱ्यांच्या दगडी उतरणीने थेट मोरीपर्यंत न्या. जिथे ते पडतं तिथे दगडाचा थर द्या, नाहीतर तिथेच घळ पडते.

उघडी जमीन कमी ठेवा

मृग नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, उघडा राहिलेला प्रत्येक उतार झाकलेला असावा. त्यासाठी 15 मेनंतर नवीन कटिंग उघडायचंच नाही, हा नियम प्रोग्रॅममध्ये आधीच घाला. वळवाचा एक जोरदार पाऊसही मोकळ्या भरावाची वाट लावतो.

भरावावर दिवसाचं काम संपलं की वरचा थर रोलर फिरवून बंद करा आणि त्याला आडवा उतार द्या. कडेला 30 सेंटिमीटर उंचीचा मातीचा बांध घाला. बांधाला ठरावीक अंतरावर तोंडं ठेवा आणि तिथून पाणी प्लॅस्टिक अंथरलेल्या किंवा अर्ध्या पाइपच्या तात्पुरत्या उतरणीने खाली न्या. बांध नसेल तर पाणी कडेवरून मन मानेल तिथून उतरतं आणि एका रात्रीत नव्या भरावाला हातभर खोल घळी पडतात.

झाकायला स्थानिक साहित्य उत्तम आहे. भाताचा पेंढा चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे हेक्टरला साधारण साडेचार-पाच टन. सपाट किंवा सौम्य उतारावर एवढं पुरतं. उभ्या उतारावर काथ्याची जाळी घाला. माथ्यावर 30 सेंटिमीटरची चर खणून जाळीचं टोक तिच्यात पुरा, मग जाळी वरून खाली उलगडा. जोडाच्या जागी वरच्या पट्टीचं टोक खालच्या पट्टीवर 15 सेंटिमीटर आलं पाहिजे. साधारण मीटर-मीटरवर खुंट्या मारा. जाळी मातीला चिकटून बसली पाहिजे. ती वर तंगून राहिली तर पाणी खालून वाहतं आणि वरून सगळं ठीक दिसतं. बी जाळीखाली टाका, कारण उघडं टाकलेलं बी पहिल्या सरीतच खाली जातं. कायमच्या बंदोबस्तासाठी वाळ्याचे ठोंब 10 ते 15 सेंटिमीटर अंतराने, उभ्या उंचीत दर एक-दोन मीटरला एक, अशा आडव्या ओळींत लावा.

राडारोड्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. घाटात कापलेली माती दरीच्या बाजूला ढकलून देणं हे गढूळ पाण्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे आणि कुठलीही फेन्स (गाळ अडवायला लावलेलं कापडी कुंपण) ते सावरू शकत नाही. ढकललेला ढीग मोकळा असतो, त्याच्या पायथ्याला आधार नसतो आणि तो बहुतेक वेळा पऱ्ह्याच्या तोंडावरच पडतो. डंपिंगची जागा ओढ्यापासून दूर निवडा. पायथ्याला गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेले ठोकळे) घाला, माती 30 सेंटिमीटरच्या थरांत दाबा आणि वर गवत लावा. हा खर्च टेंडरमध्येच धरलेला असावा. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमधलं कलम 306 मातीची धूप आणि गाळ रोखण्याबद्दलच आहे, त्यामुळे हे काम फुकटचं वाढीव काम नाही.

सिल्ट फेन्स: ताणलेलं कापड पुरत नाही

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

सिल्ट फेन्सचं काम पाणी गाळायचं नाही. तिच्यामागे पाणी थोडा वेळ तुंबतं आणि जड कण खाली बसतात. चिकणमाती तिच्यातून आरपार जाते. त्यामुळे फेन्स लावली म्हणून उतार उघडा ठेवायची मुभा मिळत नाही.

ती समोच्च रेषेवर, म्हणजे एकाच पातळीवर लावायची. उतारावरून खाली तिरकी नेलेली फेन्स पाणी वळवून शेवटच्या टोकाला गोळा करते आणि तिथे घळ पाडते. दोन्ही टोकं उताराच्या वरच्या दिशेला वळवा, म्हणजे पाणी कडेने निसटणार नाही. दर 30 मीटर फेन्सला वरचं क्षेत्र 0.1 हेक्टर, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा जास्त नको.

बसवण्याची पद्धत अशी. 15 सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल चर खणा. खांब चरीच्या खालच्या बाजूला, दोन-दोन मीटरवर, निदान अर्धा मीटर जमिनीत जातील असे ठोका. जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं कापड) वरच्या बाजूने खांबांना बांधा, खालचं टोक चरीत उतरवून तळाशी वळवा, माती भरा आणि पायाने किंवा धुमसाने घट्ट दाबा. कापड जमिनीवर 60 ते 75 सेंटिमीटर दिसलं पाहिजे. फेन्स उताराच्या पायथ्याला अगदी चिकटवू नका, एक-दोन मीटर मोकळे सोडा, नाहीतर गाळ साठायला जागाच उरत नाही.

नर्सरीची हिरवी शेडनेट हा जिओटेक्स्टाइलला पर्याय नाही. तिची भोकं मोठी असतात, गाळ थांबत नाही आणि पाण्याच्या दाबाने ती फाटते. तरी ती साइटवर सर्रास दिसते, कारण ती स्वस्त आहे आणि फोटोत फेन्ससारखी दिसते. बिल मंजूर करताना कापड हाताळून बघा आणि चरीतलं टोक उचकटून बघा. सहज वर आलं तर ती फेन्स नाही.

पऱ्ह्यात किंवा वाहत्या गटारात फेन्स आडवी कधीच लावू नका. पहिल्या पुरात ती खांबांसकट जाते. मागे साठलेला गाळ उंचीच्या एक तृतीयांश झाला की काढा, अर्ध्यापर्यंत थांबू नका.

गटारात दगडी चेक डॅम घाला. उंची 60 सेंटिमीटरपर्यंत, आणि मधला भाग कडांपेक्षा 15 सेंटिमीटर खाली. माथा सपाट ठेवला तर पाणी कडेने वाट काढतं आणि गटाराची भिंतच कापतं. दोन बांधांमधलं अंतर म्हणजे उंची भागिले उतार: 60 सेंटिमीटर उंची आणि पाच टक्के उतार असेल तर 12 मीटर. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत आले की हिशेब बरोबर.

सेटलिंग पाँड किती मोठा?

सेटलिंग पाँड म्हणजे गढूळ पाणी थांबवून गाळ खाली बसू देणारा खड्डा. एक हेक्टर उघडी जमीन आणि तासाला 50 मिलिमीटरची सर धरा. एवढ्या सरीचं पाणी होतं 500 घनमीटर. त्यातलं 60 टक्के वाहिलं तर 300 घनमीटर दर तासाला, म्हणजे सेकंदाला 83 लिटर. आता 0.02 मिलिमीटरपर्यंतचा कण पकडायचा असेल, तर लागणारं पृष्ठफळ असं निघतं: प्रवाह (सेकंदाला 0.083 घनमीटर) भागिले कणाचा बुडण्याचा वेग (सेकंदाला 0.00035 मीटर), आणि त्यावर वीस टक्के जास्त. 0.083 भागिले 0.00035, गुणिले 1.2, म्हणजे 285 चौरस मीटर. 10 मीटर रुंद आणि 29 मीटर लांब पाँड इथे बसतो. पाण्याची खोली एक मीटर, खाली गाळासाठी अर्धा मीटर आणि वर 30 सेंटिमीटर मोकळी कड ठेवा.

खोलीपेक्षा पृष्ठफळ महत्त्वाचं आहे, हे नवख्यांना पटत नाही. पोकलेनने खोल खड्डा मारणं सोपं असतं, पण खोल अरुंद खड्ड्यात पाणी सरळ एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून जातं. पाणी आत येण्याची जागा आणि बाहेर पडण्याची जागा शेजारी शेजारी असेल तर पाँड असून नसल्यासारखा. लांबी रुंदीच्या किमान दुप्पट ते तिप्पट ठेवा आणि मध्ये काथ्याच्या जाळीचे दोन-तीन आडवे पडदे लावा. पाणी वरच्या थरातून बाहेर काढा. सांडव्याला जिओटेक्स्टाइलवर दगड पसरा. गाळाने अर्धी जागा भरली की पाँड उपसा आणि उपसलेला गाळ पुन्हा उतारावर टाकू नका.

घाटात 285 चौरस मीटर सपाट जागा सहसा मिळत नाही. मग क्षेत्राचे तुकडे करा: वीस-वीस गुंठ्यांचं पाणी वेगवेगळ्या छोट्या पाँडमध्ये घ्या. एकाच मोठ्या पाँडमध्ये सगळं आणण्यापेक्षा हे चांगलं, कारण एक फुटला तरी बाकीचे चालू राहतात.

चिकणमाती उरली तर तुरटी

बाटलीत दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहिलं असेल, तर पाँडमधल्या पाण्याला तुरटी लागेल. प्रमाण अंदाजाने ठरवू नका. 10 ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर गढूळ पाण्यात घातला की 10 मिलिग्रॅमचा डोस होतो. सहा बरण्यांत पाँडचं एकेक लिटर पाणी घ्या आणि 10, 20, 40, 60, 80 आणि 100 मिलिग्रॅमचे डोस घाला. एक मिनिट जोरात, मग दहा-पंधरा मिनिटं सावकाश ढवळा आणि अर्धा तास ठेवा. ज्या सर्वांत कमी डोसला पाणी नितळ झालं तो तुमचा डोस. 40 मिलिग्रॅम निघाला, तर 250 घनमीटर पाण्याला 10 किलो तुरटी.

ती खडे टाकून नाही, तर द्रावण करून, पाणी जिथे खळाळत आत येतं तिथे सोडा. कोकणातलं पावसाळी पाणी मऊ असतं, त्यामुळे तुरटीने सामू (पीएच) झपाट्याने उतरतो. सामू 6.5 च्या खाली गेला तर थोडी चुन्याची निवळी घाला. तुरटी थेट पऱ्ह्यात कधीही टाकायची नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे त्याच पऱ्ह्यातून वर जातात.

काँक्रीटच्या गाड्या धुतलेलं पाणी मात्र या पाँडमध्ये आणू नका. त्याचा सामू 12 च्या आसपास असतो. त्याला प्लॅस्टिक अंथरलेला वेगळा खड्डा हवा. पायाच्या खड्ड्यातलं पाणी उपसताना पंपाची फूटव्हॉल्व्ह तळावर टेकवू नका, ती तरंगत्या ड्रमला बांधून वरच्या थरात ठेवा. आणि डांबरी रस्त्यावर चढण्याआधी डंपरच्या चाकांची माती झटकायला 50 ते 75 मिलिमीटर खडीचा, 15 सेंटिमीटर जाडीचा आणि किमान 15 मीटर लांबीचा थर घाला. मातीने भरला की खडी पालटा.

मोजणी: तीन जागा, एकाच पावसात

कोरड्या दिवशी घेतलेला नमुना काहीच सांगत नाही. पाऊस चालू असताना, पाणी वाहत असताना जायचं. प्रत्येक पऱ्ह्यावर तीन जागा ठरवा: कामाच्या वर, जिथे तुमचं पाणी मिसळलेलं नाही, तुमचा निकास, आणि खाली, जिथे दोन्ही पाणी नीट मिसळलेलं आहे. तिन्ही नमुने शक्य तितके लागोपाठ घ्या. खालून वर जा, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेली माती नमुन्यात येत नाही.

वरची जागा का हवी? कारण जून अखेर ते जुलैत वरच्या खाचरांत चिखलणी होते आणि पऱ्ह्याचं पाणी तुमच्यामुळे नाही, तर लावणीमुळे गढूळ झालेलं असू शकतं. वरचा आकडा नसेल तर ठेकेदार शेतकऱ्याकडे बोट दाखवतो, गावकरी ठेकेदाराकडे, आणि कुणाकडेच पुरावा नसतो. बरेच पऱ्हे एप्रिल-मेमध्ये कोरडे असतात, त्यामुळे कामापूर्वीचा नमुनाही मिळत नाही. शेजारचा, कामाचा स्पर्श नसलेला एक पऱ्ह्या तुलनेसाठी धरा.

नमुना मध्यधारेतून, पृष्ठभागाच्या थोडं खालून, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करून घ्या. कडेच्या संथ पाण्यातला नको. गढूळपणा एनटीयूमध्ये मोजतात. हातात मावणारं टर्बिडिटी मीटर वापरणार असाल तर रोज प्रमाण द्रावणाने तपासा. काचेची कुपी बाहेरून पुसून कोरडी करा, बुडबुडे जाऊ द्या आणि लगेच वाचा, नाहीतर वाळू खाली बसते आणि आकडा खोटा येतो. मीटरची हद्द ओलांडली तर एक भाग नमुन्यात नऊ भाग स्वच्छ पाणी घाला आणि आलेला आकडा दहाने गुणा. मीटर नसेल तर तळाला काळी-पांढरी चकती असलेली पारदर्शक नळी वापरा. चकती दिसेनाशी होण्याआधीची पाण्याची उंची लिहा. निव्वळ वर-खाली तुलनेला ती पुरेशी आहे.

कायद्याच्या भाषेत आकडा वेगळा असतो. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरला 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत आणि सामू 5.5 ते 9 असावा. हे प्रयोगशाळेत गाळणकागदावर गाळून, 103 ते 105 अंश सेल्सियसला वाळवून मोजतात. म्हणून सुरुवातीच्या काही पावसांत एकाच बाटलीतून दोन्ही मोजा: मीटरवर एनटीयू आणि प्रयोगशाळेत मिलिग्रॅम. दहा-पंधरा जोड्या आलेखावर मांडल्या की तुमच्या साइटच्या मातीसाठी एनटीयूवरून मिलिग्रॅमचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या साइटचा आलेख वापरू नका, माती बदलली की नातं बदलतं.

साइटवरच्या कृतीसाठी दोन पायऱ्या ठेवा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बांधकामावरून बाहेर पडणाऱ्या पाण्याला 25 एनटीयू ही इशाऱ्याची पातळी आहे आणि 250 ला पोचलं की तातडीने कळवावं लागतं. कोकणातल्या धो धो पावसात 25 गाठणं अवघड आहे, पण 250 ही 'आत्ताच काम थांबवा आणि कारण शोधा' अशी पातळी म्हणून ठेवायला आमची काहीच हरकत नाही. त्याखाली, वरच्या जागेपेक्षा खालचा आकडा सलग दोन वेळा ठळकपणे वाढलेला दिसला, तर त्याच दिवशी वर चालत जा.

चालताना कुठे बघायचं? आधी निकास, मग पाँडचा सांडवा, मग फेन्सची टोकं, चेक डॅमच्या कडा, शेवटी उतार. बहुतेक वेळा कारण एखाद्या फुटलेल्या बांधात किंवा जेसीबीने 'तात्पुरत्या' पाडलेल्या खिंडीत सापडतं.

साइटवर एक साधा पर्जन्यमापक हवाच. रोज सकाळी साडेआठला वाचा, म्हणजे हवामान खात्याच्या आकड्यांशी जुळतो. 64.5 मिलिमीटरच्या वर गेलं की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, 115.6 पासून पुढे अति जोरदार आणि 204.4 च्या वर अत्यंत जोरदार. अंदाजात जोरदार पाऊस दिसला की आदल्या दिवशी संपूर्ण लांबी तपासा, पाऊस ओसरल्यावर चोवीस तासांत पुन्हा. नोंदवहीत तारीख, वेळ, पाऊस, तीन आकडे, काय तुटलं, कोणी दुरुस्त केलं आणि कधी, एवढं लिहा. दर नोंदीला त्याच जागेवरून, त्याच दिशेने काढलेला फोटो जोडा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. विहीर लाल झाल्यावर भांडणापेक्षा ही वही उपयोगी पडते.

पावसाळा संपल्यावर फेन्स लगेच उपटू नका. उतारावर गवताचं आच्छादन निदान सत्तर टक्के झालं की मगच काढा. आधी मागचा गाळ उचला, मग खांब काढा, चर बुजवून दाबा आणि त्या पट्टीवरही बी टाका.